गाणे शिकायला वय लागत नाही. जात तर मुळीच लागत नाही!

चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने गाणे शिकायला सुरुवात केली की आपल्या वस्तीत पहिली प्रतिक्रिया हसण्याची असते. ‘आता या वयात? पोरांच्या लग्नाचं बघायचं सोडून सारेगम?’ असे विचारले जाते. एखादी बाई शिकायला लागली तर हसण्याच्या जोडीला कुजबुजही येते. हाच माणूस किंवा हीच बाई त्याच वयात मुक्त विद्यापीठातून पदवी घेते, वकिलीच्या वर्गात नाव घालते, तेव्हा मात्र आपण सत्कार करतो. शाल देतो, पुष्पगुच्छ देतो, शिक्षणाला वय नसते असे माईकवरून सांगतो. मग गाणे हे शिक्षण नाही काय? हा प्रश्न आज आम्ही चळवळीच्या वाचकांपुढे मांडत आहोत, कारण तो दिसतो तेवढा हौसेमौजेचा नाही.

हसणाऱ्यांना कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते. गळा उपजतच असावा लागतो, गाणे रक्तात असावे लागते, ते काही शिकून येत नाही. वाचकहो, ही भाषा ओळखीची वाटत नाही काय? विद्या कोणाच्या रक्तात आहे आणि कोणाच्या नाही हे जन्मावरून ठरवणारी भाषा आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ऐकली आहे. शास्त्र त्यांच्या रक्तात, व्यापार त्यांच्या रक्तात, राज्यकारभार त्यांच्या रक्तात. आणि आमच्या रक्तात काय, तर झाडू आणि मेलेले ढोर! २००६ साली केंद्रीय उच्च शिक्षण संस्थांत ओबीसींना आरक्षण देण्याचे ठरले तेव्हा ‘गुणवत्ता बुडाली’ म्हणून जो आक्रोश झाला, त्याच्या मुळाशीही हीच समजूत होती. ज्या समजुतीविरुद्ध आपण सभा घेतो, मोर्चे काढतो, न्यायालयात झगडतो, तीच समजूत गाण्याच्या बाबतीत आपण स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवतो. ‘माझा गळाच तसला नाही’ असे म्हणणारा आंबेडकरी माणूस नकळत जन्मसिद्धतेच्या सिद्धांतालाच अनुमोदन देत असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गाताना प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. कान एक सूर ऐकतो. छातीतली हवा बाहेर येताना स्वरयंत्रातल्या तंतूंना कंप देते. त्या तंतूंचा ताण कमी-जास्त करून आपण ऐकलेल्या सुराशी आपला सूर जुळवतो. हे कानाचे, श्वासाचे आणि स्नायूंचे काम आहे. सायकल चालवणे किंवा टंकलेखन करणे जसे सरावाने येते, तसेच हेही सरावाने येते. दोन सुरांतला फरकच ओळखता येत नाही अशी माणसे असतात, पण ती फार थोडी. मोर्चाच्या पुढे घोषणा देणारा ज्या पट्टीत हाक देतो, जवळपास त्याच पट्टीत हजार माणसे उत्तर देतात. ते त्यांना कोणी शिकवलेले नसते. म्हणजे कान आहे, गळाही आहे. राहिली आहे ती तालीम.

गायकाच्या घरातले मूल लवकर गाते हे खरे आहे. पण त्याचे कारण रक्तात नाही. पाळण्यापासून त्याच्या कानावर सूर पडलेले असतात, घरात वाद्य असते, चुकले तर दुरुस्त करणारे माणूस असते. वकिलाच्या मुलाला कायद्याचे शब्द लवकर कळतात तसेच हे. संधीला गुण म्हणायचे आणि संधी नाकारलेल्याला अवगुणी ठरवायचे, ही प्रस्थापितांची जुनी चाल आहे. आपण तिला फसू नये.

वयाचे म्हणाल तर प्रौढाची एक सोय आहे. वयात येताना मुलांचा आवाज फुटतो आणि काही महिने तो कह्यात राहत नाही. प्रौढ माणसाचा आवाज स्थिरावलेला असतो. मुलाची लवचीकता त्याच्यापाशी नसते, बोटे आणि गळा सावकाश वळतात, हे आम्ही नाकारत नाही. पण शब्दाचा अर्थ, दुःखाचा अनुभव, श्वास कुठे घ्यावा याची समज आणि शिकण्याची स्वतःची निकड त्याच्यापाशी असते. मुलाला आईबाप क्लासला बसवतात. प्रौढ स्वतःच्या पायाने जातो.

आता गाणे कुलूपबंद कसे झाले आणि ते कुलूप कसे निघाले, तेही पाहिले पाहिजे. ज्याला आपण शास्त्रीय संगीत म्हणतो ते दीर्घकाळ घराण्यांच्या ताब्यात होते. गंडा बांधल्याशिवाय तालीम नव्हती आणि खास चिजा बहुधा घरच्याच मुलांसाठी राखलेल्या असत. पण हेही लक्षात ठेवावे की हे संगीत जगवणारे उस्ताद बहुतेक मुसलमान होते, आणि मैफली गाजवणाऱ्या अनेक स्त्रिया कलावंतिणींच्या घरातल्या होत्या. ज्यांच्या गळ्यावर हे संगीत टिकले त्यांना प्रतिष्ठितांच्या पंक्तीत जागा नव्हती. पुढे याच संगीतावर ‘उच्च संस्कृती’चा शिक्का मारला गेला आणि ते आपल्याला परके वाटू लागले.

या इतिहासातली दोन माणसे आपल्या विषयाशी थेट संबंधित आहेत. अल्लादियाखाँसाहेब (१८५५-१९४६) यांचा आवाज ऐन उमेदीत बसला. नुसता उपजत गळाच सर्वस्व असता तर त्यांची कथा तिथेच संपली असती. पण त्यांनी बदललेल्या आवाजाला झेपेल आणि शोभेल अशी नवी गायकी घडवली, तीच पुढे जयपूर घराण्याची गायकी म्हणून ओळखली गेली. त्यांना कोल्हापुरात राजाश्रय दिला तो राजर्षी शाहू महाराजांनी. ज्या राजाने २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या समाजांसाठी नोकरीत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्याच राजाने गाण्यालाही आसरा दिला, हे आपण विसरू नये. दुसऱ्या गोव्याच्या केसरबाई केरकर (१८९२-१९७७). आधी गाणे येत असूनही १९२१ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, त्या अल्लादियाखाँकडे नव्याने शिकायला बसल्या आणि पुढे कित्येक वर्षे शिकत राहिल्या. १९७७ साली अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचे जे संगीत पाठवले गेले, त्यात भारताकडून त्यांचा आवाज आहे. या दोघांचा व्यवसायच गाणे होता, आपण हौसेने शिकणारी माणसे. पण आवाज घडवता येतो आणि उशिराही घडवता येतो, एवढे सिद्ध व्हायला हे पुरावे पुरेसे आहेत.

कुलूप काढण्याचे मोठे काम केले ते विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी. ते शिक्षणाने वकील होते आणि काही काळ कराचीत वकिली करत होते. देशभर फिरून, उस्तादांकडून चिजा मिळवून त्यांनी त्या स्वरलिपीत लिहिल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापल्या. तोंडी असलेला ठेवा कागदावर आला, आणि कागद कोणालाही विकत घेता येतो. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले. १९३१ साली स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार अशा परीक्षा आज गावोगाव होतात आणि त्यांना मोठ्या वयाची माणसेही बसतात. फी भरा, अभ्यास करा, परीक्षा द्या. घराण्याच्या उंबरठ्याच्या तुलनेत हे मोठेच परिवर्तन होते.

पण दार उघडले तरी खोलीतली मांडणी बरीचशी तीच राहिली. आजही अनेक क्लासांत सुरुवात सरस्वतीच्या तसबिरीला नमस्काराने होते, रियाज ओंकाराने होतो, आणि काही ठिकाणी फी विचारण्याआधी आडनाव विचारले जाते. बौद्ध विद्यार्थ्याला तिथे अवघडल्यासारखे होते आणि दोन महिन्यांत तो क्लास सोडतो. लोक म्हणतात, टिकला नाही. आम्ही विचारतो, त्याला टिकू दिले काय? अशा वेळी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, खर्जाच्या रियाजासाठी ओंकारच लागतो असे नाही. लांब ‘आ’कार लावला तरी श्वास आणि सूर तेवढेच पक्के होतात. शिक्षकाला आदराने पण स्पष्टपणे तसे सांगता येते, आणि समंजस शिक्षक ते मान्य करतो. दुसरी, जातीवरून कोणी शिकवायचे नाकारले तर तो त्याचा खासगी मामला राहत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे, आणि नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ६ प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा आहे. गाण्याची शिकवणी ही सेवाच आहे. पाया पडणे हा शिक्षकाचा हक्क नाही. ठरलेली फी वेळेवर मिळणे हा हक्क आहे.

आपली स्वतःची परंपरा तर याहून कितीतरी मोठी आहे. जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांचा पोवाडा रचला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे त्याचे विचार जलशांनी खेड्यापाड्यांत नेले. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत समाजक्रांती पोहोचली ती कानाच्या वाटेने. आंबेडकरी जलशांनी तीच वाट रुंद केली. शाहीर भीमराव कर्डकांसारख्यांनी उभे केलेले जलसे गावोगाव फिरले, आणि ज्या गावात सभेला माणसे जमत नसत तिथे जलशाला जमली. या जलशांत गाणारी माणसे कोण होती? ती गिरणीत, रेल्वेत, गोदीत राबणारी, शेतावर मजुरी करणारी साधी माणसे होती. दिवसा घाम आणि रात्री गाणे. आजच्या भाषेत त्यांना हौशी प्रौढ गायकच म्हणावे लागेल.

महाकवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांचे उदाहरण प्रत्येक विहारात सांगितले पाहिजे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस शाळेत शिकला नव्हता. मुंबईत पोटासाठी मिळेल ते काम करताना, अक्षरे येत नाहीत याची टोचणी लागली आणि तरुणपणी त्यांनी मुळाक्षरे गिरवली. त्या अक्षरांतून पुढे हजारो गीते जन्माला आली. अक्षर शिकायला त्या वयात लाज वाटली असती तर आज आपल्या जयंतीत कोणते गाणे वाजले असते? आणि खुद्द बाबासाहेब! ग्रंथ, न्यायालय, राजकारण आणि ढासळती प्रकृती या सगळ्यातून वेळ काढून प्रौढ वयात ते शिक्षकाकडून व्हायोलिन शिकत होते. ज्यांच्याइतके काम आपल्यापैकी कोणाच्याही अंगावर नाही त्या महामानवाला वेळ मिळत होता, हे वेळेची सबब सांगणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता आक्षेपांकडे वळू. चळवळीतल्या काही जाणत्या कार्यकर्त्यांचा आक्षेप असा की, गाणे-नाचणे-वाजवणे हे तर जातिव्यवस्थेने आपल्यावर लादलेले काम होते. तमाशाच्या बोर्डावर आपल्या मायबहिणी उभ्या केल्या गेल्या, हलगी आपल्या गळ्यात अडकवली गेली. त्यातून बाहेर पडलो, आता परत कशाला? हा आक्षेप वरवरचा नाही आणि तो मांडणाऱ्यांच्या वेदनेचा आम्ही आदर करतो. पण भेद नीट पाहिला पाहिजे. एक गाणे असे, की ते म्हणायचे की नाही हे गाणाऱ्याच्या हातात नव्हते. पाटलाने बोलावले की जायचे, टाकतील ते उचलायचे, आणि ते काम जन्माने चिकटलेले. दुसरे गाणे असे, की माणूस आपल्या मर्जीने, आपल्या पैशाने, आपल्या वेळात शिकतो आणि ते कुठे गायचे हे स्वतः ठरवतो. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, म्हणून काय आपण शेतीही सोडली? सक्ती सोडायची होती, कला नव्हे. जलसेकऱ्यांनी तमाशाचाच साज घेतला, गण-गवळणीच्या जागी समाजप्रबोधन आणले आणि तो साज स्वाभिमानाचा केला. हा धडा त्यांनी कधीच घालून दिला आहे.

दुसरा आक्षेप धम्माच्या बाजूने येतो. अष्टशीलात नृत्य, गीत आणि वाद्य यांपासून दूर राहण्याचा नियम आहे, मग उपासकाने गाणे शिकावे काय? याचे उत्तर सरळ आहे. उपासकाचे नित्याचे शील पंचशील आहे आणि त्यात गाण्याला मनाई नाही. अष्टशील हे उपोसथाच्या दिवसाचे व्रत आहे. त्या दिवशी हार्मोनियम झाकून ठेवावी, एवढेच. अंगुत्तर निकायात लांबलचक गाण्याच्या सुरात धम्मपठण करण्याचे पाच दोष सांगितले आहेत, तेही भिक्खूंना उद्देशून. त्यातला एक दोष असा, की गृहस्थ कुरकुर करू लागतात, हे श्रमण तर आपल्यासारखेच गातात म्हणून. वकिलाच्या नजरेने वाचले तर इथे गृहस्थाचे गाणे गृहीतच धरलेले आहे. दीघ निकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्व वीणा वाजवत भगवान बुद्धांसमोर गातो. बुद्ध त्याला रागावत नाहीत. त्याच्या तारांचा आणि गळ्याचा मेळ चांगला जमला आहे, अशी दाद देतात.

शिकणाऱ्या प्रौढासाठी तर बुद्धांनी उपयोगी पडेल असा दृष्टान्तच देऊन ठेवला आहे. सोण नावाचा भिक्खू चंक्रमण करता करता पायांतून रक्त येईपर्यंत खटाटोप करत होता आणि निराश होत होता. तो पूर्वी चांगला वीणावादक होता. बुद्धांनी त्याला विचारले, तार फार ताणली तर वीणा बोलते काय? फार सैल सोडली तर बोलते काय? मध्यम मार्गाचा हा धडा गळ्यालाही जसाच्या तसा लागू आहे. उशिरा शिकायला लागलेला माणूस घाईत असतो. गेलेली वीस वर्षे सहा महिन्यांत भरून काढायला बघतो, नरडे ताणतो, आणि घसा बसला की वय झाले म्हणून सोडून देतो. ताणही नको, ढिलाईही नको.

शिकण्याचा क्रम कसा असतो हेही सांगून टाकतो, म्हणजे भीती जाईल. आम्ही स्वतः चाळिशीनंतर शिकायला बसलो आहोत, कोर्टाचा कोट उतरवून, आठवड्यातून दोन संध्याकाळी. म्हणून हे ऐकीव नाही. पहिले काम आपली पट्टी ओळखण्याचे. पुरुषांची पट्टी साधारणतः काळी एक-दोनच्या आसपास असते, बायकांची काळी चार किंवा पांढरी पाचच्या आसपास. आपल्या कितीतरी विहारांत वंदना पुरुषांच्या पट्टीत सुरू होते. मग बायकांना एक तर पुटपुटावे लागते किंवा ओरडावे लागते, आणि वर ठपका ठेवला जातो की बायकांना सुरात म्हणता येत नाही. पट्टी बदलली तर निम्मा प्रश्न त्याच दिवशी सुटतो. दुसरे काम ‘सा’ स्थिर करण्याचे. तंबोऱ्याचा सूर हल्ली मोबाइलवर फुकट मिळतो. तो लावून एकच सूर हलू न देता धरायचा. एवढ्याच कामाला कित्येक आठवडे जातात आणि ते वाया जात नाहीत. मग सात शुद्ध, चार कोमल आणि एक तीव्र असे बारा स्वर, त्यांचे अलंकार, आणि भूप किंवा यमनासारखा एखादा राग. तालात सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा केरवा हाताने धरता आला, की आपली बहुतेक भीमगीते त्यात बसतात. रोज वीस मिनिटे केलेला रियाज रविवारच्या तीन तासांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

याचा एक फायदा कार्यकर्त्यांना थेट होतो. घोषणा देणारे, भाषणे करणारे, शाळेत शिकवणारे, न्यायालयात युक्तिवाद करणारे आपले लोक आवाज पोटातून न लावता नरड्यातून काढतात. त्यामुळे स्वरतंतूंवर गाठी येतात. श्वासाची तालीम मिळाली की आवाज कमी श्रमात लांब पोहोचतो. मात्र बसलेला आवाज तीन-चार आठवड्यांत सुटला नाही, तर रियाज थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेलेच पाहिजे. विशेषतः तंबाखू, बिडी, सिगारेट यांची सवय असणाऱ्यांनी तर ते टाळूच नये.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. अत्याचार चालू आहेत, नोकऱ्या चालल्या आहेत, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत. अशा काळात गाणे काय घेऊन बसलात? आमचे उत्तर असे, की ज्या काळात हे सारे याहून भयंकर होते त्याच काळात जलसे जन्माला आले. आणि आज गाणे आपण सोडले म्हणून गाणे थांबले काय? नाही. ते गळ्यातून निघून भिंतीएवढ्या स्पीकरमध्ये गेले. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत वामनदादांचा शब्द ऐकू येतच नाही, येतो तो छाती हादरवणारा ठोका. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, आणि शासन वर्षातले मोजके दिवसच त्यात सवलत देऊ शकते. दरवर्षी आपली पोरे या नियमात अडकतात, गुन्हे अंगावर घेतात. सगळ्यांचेच उत्सव गोंगाटाचे झाले असताना बोट आपल्याकडेच का दाखवले जाते, हा प्रश्न रास्त आहे आणि तो आम्ही न्यायालयात विचारतच राहू. पण पन्नास माणसे एका सुरात भीमगीत गात चालली तर त्यांना स्पीकरचा परवाना लागत नाही, आणि त्यांचा शब्द रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळतो. वर्गणीतले जे पैसे एका रात्रीत स्पीकरवाल्याला जातात, त्यात एखाद्या वस्तीचा वर्षभराचा गायनवर्ग चालू शकेल.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी आम्ही हा विषय हाती घेतला. प्रौढांनीच गाणे शिकणे आज का निकडीचे आहे? वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. शाहीर विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपुरात दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. त्यांना समोर बसून ऐकलेली पिढी आज चाळीस, पन्नास, साठ वर्षांची आहे. आपल्या आजोबांच्या तोंडून जलशातली पदे ऐकलेली माणसे याच पिढीत आहेत. कितीतरी गीतांचे शब्द पुस्तकात आले, पण चाली गळ्यातच राहिल्या. जात्यावर बाबासाहेबांची ओवी म्हणणाऱ्या आपल्या आयाबायांचे सूर कोणी लिहून घेतले? आज जन्मलेल्या मुलाला शास्त्रीय संगीताचा शिक्षक यमन शिकवू शकेल, पण चाळीच्या पटांगणात १४ एप्रिलच्या रात्री एखादे पद कोणत्या चालीत उठत असे, हे तो सांगू शकणार नाही. ते सांगू शकतो आपल्यातला पन्नाशीचा माणूस.

न्यायालयात तोंडी साक्षीचा एक स्वभाव असतो. साक्षीदार जिवंत आहे तोवर ती आहे, तो गेला की ती गेली. म्हणून ती वेळेत लिहून घ्यावी लागते. आपल्या चालींचे साक्षीदार आज हयात आहेत. त्यांची जबानी नोंदवायची राहिली आहे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणे चांगलेच, ते आजच करावे. पण ध्वनिमुद्रण मोबाइल बदलला की हरवते, आणि ऐकून गाता यायला गळा तयार लागतो. ज्याला स्वर ओळखता येतात, स्वरलिपी लिहिता येते, ताल मोजता येतो तो ती चाल कागदावर उतरवेल आणि पुढच्याला शिकवेल. भातखंडे वकिलाने उस्तादांच्या चिजांचे जे केले, ते आपल्या भीमगीतांचे आपल्यालाच करावे लागणार आहे. ते काम दुसरे कोणी येऊन करील या भ्रमात राहू नये.

यासाठी फार मोठी योजना लागत नाही. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन होते. माणसे जमलेलीच असतात. वाचन संपल्यावर अर्धा तास सुराचा ठेवावा. एक हार्मोनियम बहुतेक विहारांत असते. नसली तर वर्गणीतून घ्यावी. शिकवायला वस्तीतल्याच एखाद्या शाहिराला किंवा ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला बोलवावे, आणि त्याला ठरवून मानधन द्यावे. समाजाच्या कलावंताला फुकटात राबवणे ही आपली जुनी सवय आहे, ती मोडली पाहिजे. पहिला महिना फक्त ‘सा’ आणि वंदनेची पट्टी. दुसरा महिना अलंकार आणि दादरा-केरवा. तिसऱ्या महिन्यात प्रत्येकाने घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाकडून एक गीत चालीसह आणावे आणि सर्वांनी मिळून ते वहीत उतरवावे. वीस माणसे असतील तर आश्विन पौर्णिमेला वीस गीते हाती असतील. पुढच्या वर्षी चाळीस.

या वर्गात बसणारे सारेच गायक होतील असे आम्ही म्हणत नाही; व्हायची गरजही नाही. साक्षरतेच्या वर्गात बसलेला प्रत्येक जण लेखक झाला नाही, पण सही करताना अंगठ्याला शाई लावण्याची पाळी त्याच्यावर पुन्हा आली नाही. बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हणताना विषयांची यादी दिली नव्हती आणि वयाची अटही घातली नव्हती. येत्या वर्षावासात आपल्या विहारात कोणी पन्नाशीचा माणूस बिचकत बिचकत हार्मोनियमपाशी बसला तर त्याला हसू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि त्याचा सूर लागेपर्यंत आपलाही लावा.